निळ्या डब्यांचं कपाट

टीव्हीच्या काळ्या काचेवर अक्षरं आली तेव्हा मी बशीत चहा ओतत होतो. वाचायला मला वेळ लागतो. आधी ओळीवरून नुसती नजर जाते, मग मागं येऊन एकेक अक्षर धरावं लागतं. हा. चित्रपट. आता. पुढच्या शब्दाशी मात्र मी अडखळलो नाही, कारण तो माझ्या जुन्या ओळखीचा आहे. चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात पाटी घेऊन बसलो, आणि वर्गाबाहेर स्वतःच्या बळावर वाचलेला पहिला मोठा शब्द तोच होता. रेशन दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला. रॉकेल उपलब्ध नाही. तेव्हा इतका आनंद झाला होता की रिकामा डबा हलवत मी हसत घरी गेलो. माझी बायको चंद्रभागा म्हणाली, "मिळालं का?" मी म्हणालो, "न्हाई. पण न्हाई आसं लिवलंय ते मी वाचलं." तिनं कपाळाला हात लावला आणि शेजारणीकडून चिमणीपुरतं तेल मागून आणलं. या खेपेला मला हसू आलं नाही. हा चित्रपट आता उपलब्ध नाही. चहा बशीतून सांडून बोटांवर आला, तरी मी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचत राहिलो, जणू दुसऱ्यांदा वाचताना शेवटचा शब्द गळून पडेल.

आदल्या दुपारी हाच सिनेमा आम्ही नवराबायकोनं अर्धा पाहिला होता. तो माझ्या मुलानं, अभिमन्यूनं, विकत घेतला होता. भाड्यानं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. "कायमचा घेतलाय दादा. तुमचा हाय आता. कवाबी लावा." अभिमन्यू इथं बीडलाच शाळेत मास्तर आहे, आणि मास्तर लोक समजावतात तसं बोट धरून समजावतो. त्याच्या समजावण्यामागं एक भिंत होती. आमच्या पुढच्या खोलीत सरळ, लांब, उजेडाच्या आड असलेली एकच भिंत आहे आणि तिला लागून माझं कपाट उभं आहे. कपाटात सिनेमांच्या डिस्क, निळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांतल्या. दिवाळीत त्यानं पलंगाएवढा टीव्ही आणला, तो तेव्हापासून टेबलावर तात्पुरता उभा होता. त्याला भिंत पाहिजे होती. मी कपाट हलू देईना. मग बापाची नाडी ओळखून त्यानं हा सौदा काढला. ज्या एका सिनेमासाठी मी वर्षानुवर्षं पंडितच्या डिस्कच्या दुकानात चकरा मारत होतो तो इंटरनेटवरून टीव्हीवर आला, तो त्यानं घेऊन दिला, आणि मी कपाट सोडायला हो म्हणालो. रविवारी टीव्ही ठोकायला माणूस येणार होता. त्याच दिवशी पंडित टेम्पो पाठवून डब्या नेणार होता, पुण्याच्या कुणा शौकिनासाठी. मी हो म्हणालो होतो हे खरं आहे. त्या 'हो'मध्ये माझा जीव नव्हता हेही खरं आहे, पण ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा अर्धा पाहिला तो उसाच्या फडावर. आमचं गाव लिंबागणेशच्या खालच्या अंगाला. दसरा झाला की निम्मं गाव कोयते गुंडाळून कारखान्याकडं जायचं आणि कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून उन्हाळ्यापर्यंत तिकडंच राहायचं. महिन्यातून एखाद्या वेळी टोळी मिळून व्हिडिओ आणायची. बाजारगावातला पोरगा सायकलवर खोक्यासारखा टीव्ही बांधून घेऊन यायचा, मुकादमाच्या कोपीपुढं तो एका पिंपावर ठेवायचा, आणि आम्ही उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर, बसायचो. बायका एकीकडं, गडी एकीकडं, पोरं अगदी काचेशी. मागं बसलेल्याला डोक्यांच्या फटीतून एखादा डोळा, एखादा हात दिसायचा. चित्रावर मुंग्या चालल्यासारख्या ठिपक्यांच्या रांगा. आणि सिनेमा रंगात आला की रस्त्याकडून हॉर्न वाजायचा. ऊस भरायला गाडी आली. गाडी कधी येणार ते कुणी आधी सांगत नसे, आणि आली की ताटावरून उठावं लागे, मग सिनेमाचं काय घेऊन बसलात. मुकादम नुसता "चला" म्हणायचा. पोरगा बटण दाबायचा. नायकाचं तोंड उघडं राहायचं ते तसंच काळं व्हायचं. आम्ही डोक्याला फडकी गुंडाळत, शिडीवरून मोळ्या चढवत गाडी भरायचो, आणि परत येईपर्यंत पोरगा टीव्ही घेऊन गेलेला असायचा. त्यामुळं मी सिनेमे पुष्कळ पाहिले पण त्यांचे शेवट पाहिले नाहीत. आमच्या टोळीत त्याची एक रीतच पडून गेली. दुसऱ्या दिवशी फडात ऊस तोडताना ज्यानं त्यानं उरलेला सिनेमा सांगायचा. धुळाजी नावाचा एक गडी सगळ्यांची लग्नं लावून द्यायचा, खलनायकाचंसुद्धा. त्याला म्हणायचे, "आरं बे, तुजं सोताचं जमंना आन् लोकायचे मांडव घालतो." पण सगळे कोयता थांबवून ऐकायचे ते चंद्रभागेचं. ती मोळी बांधता बांधता, वर न बघता सांगायची. तिनं सांगितलं की तोच त्या सिनेमाचा शेवट असायचा. पुढच्या वर्षी कुणी सांगितलं, की खरा शेवट निराळा आहे, तर लोक त्यालाच वेड्यात काढायचे.

या सिनेमात एक बाई होती. सासरचं घर सोडून, काखेत गाठोडं मारून ती नदीच्या घाटावर येऊन उभी राहते. नाव पलीकडून येत असते. मागून नवरा येत असतो, पण अजून लांब. बाई एकदा पाण्याकडं बघते, एकदा वाटेकडं. तिथं हॉर्न वाजला. सकाळी फडात धुळाजी म्हणाला, नवरा आला, पाया पडला, गेली परत. चंद्रभागा म्हणाली, "न्हाई. ती गेली." कुणी विचारलं, "कुठं गेली?" ती म्हणाली, "गेली. परत येत न्हाई ती." आणि दोन्ही हातांनी उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, वाढ्याचा, बंध पिळून मोळीला गाठ मारली. त्या गाठीकडं मी बघत राहिलो. ती तेव्हा तिशीच्या आत होती. दोन पोरं झालेली, त्यातलं एक कोपीतच तापानं गेलेलं. मी तेव्हा घरात फारसा बोलत नसे. दमून आलेला माणूस बोलत नाही, असं आम्ही गडी एकमेकांना सांगायचो आणि आम्हाला ते पटायचं. बायकाही तेवढ्याच दमलेल्या असायच्या हे त्या हिशेबात धरत नव्हतो. ती गेली, परत येत नाही. एवढंच ती बोलली होती, तेही सिनेमाबद्दल. पण पुढं कितीतरी वर्षं ती नदीवर धुणं घेऊन गेली आणि यायला उशीर झाला की माझे कान वाटेकडं लागायचे. शेळ्या हुसकत, कोरडी पाटी पुसत, मी उगाच दाराशी घुटमळायचो. कुणाला सांगण्यासारखं हे नव्हतं. एका सिनेमाच्या न पाहिलेल्या शेवटासाठी माणूस असा बेचैन असतो हे कुणाला खरं वाटलं असतं? मला मात्र तो खरा शेवट पाहिजे होता. ती बाई नवऱ्याबरोबर परत गेलेली मला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

कोयता सुटला, बीडला कापसाच्या एका जिनिंगवर मी रखवालदार झालो, आणि रस्त्यापलीकडं पंडितचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटच्या सीड्या झाल्या, सीड्यांच्या डिव्हीड्या, आणि मग एक दिवस त्यानं ही नव्या डिस्कची निळी डबी काढली. म्हणाला, "आबा, ह्यात बघा. ह्यात कुसळसुदिक दिसतं." त्यानं एक जुना सिनेमा लावला, फडावर अर्धा पाहिलेला, आणि मी स्टुलावर बसलो तो उठलोच नाही. नटीच्या कपाळावर कानाजवळ घामानं चिकटलेले केस होते. साडीचा काठ एका जागी उसवून दुसऱ्या दोऱ्यानं शिवलेला होता. ती गाणं म्हणत होती आणि तिच्या मागं लांब डोंगराच्या वाटेवर एक माणूस डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चालला होता. तो सिनेमातला नव्हता. त्याला माहीतही नसेल. इतकी वर्षं तो तिथं चालतच होता आणि आम्हाला मुंग्यांच्या रांगांमुळं दिसला नव्हता. त्या दिवसापासून मी डब्या जमवू लागलो. फडावर तुटलेले सिनेमे एकेक करून आणायचे आणि जिथं हॉर्न वाजला होता तिथून पुढं बघायचे. माझं कपाटही त्याच हिशेबानं लावलेलं आहे. वरच्या फळीवर सुरुवातीलाच तुटलेले, त्याखाली मधे तुटलेले, त्याखाली शेवट जवळ आला असताना तुटलेले. नात सायली इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावून देते म्हणाली. मी नको म्हणालो. माझ्या कपाटात हात घालायला मला अक्षरं लागत नाहीत. कित्येक शेवट चंद्रभागेच्या शेवटांपेक्षा फिके निघाले. ती मधूनच येऊन बघायची आणि म्हणायची, "येवढ्यासाठी येवढा जीव टाकला व्हय?" पण फिके का होईना, ते माझ्या हातात होते. मला चहा घ्यायचा असला तर मी थांबवत होतो आणि मला बघायचं असलं तर तो पुढं चालत होता. एवढं साधं सुख आयुष्यात फार उशिरा आलं, म्हणून मला त्याची किंमत ठाऊक आहे. फक्त हा नदीवरच्या बाईचा सिनेमा डिस्कवर कधी निघालाच नाही.

आणि आदल्या दुपारी काय झालं? बाई घाटावर आली. मोठ्या टीव्हीवर पाणी इतकं स्वच्छ होतं की तळचे गोटे दिसत होते. तिनं पाण्याकडं पाहिलं, वाटेकडं पाहिलं, आणि हॉर्न वाजला नाही. कुठंच काही वाजलं नाही. बाहेर कुकरची शिट्टीसुद्धा नाही. चंद्रभागा शेजारी पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. आता पुढं तो शेवट येणार होता, आणि तो माझ्या बाजूनं असेलच असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बटण दाबलं. "कावून थांबिवला?" ती म्हणाली. मी म्हणालो, "डोळे दमले. उद्या बघू. आपलाच हाय." आपलाच आहे, हे मी माझ्या तोंडानं म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती ओळ आली. थांबवला मी होता, हे मला मान्य आहे. पण थांबवण्याचा हक्क माझा होता. काढून नेण्याचा कुणाचा होता?

संध्याकाळी अभिमन्यू शाळेतून आला, त्यानं टीव्हीपाशी बसून फोन लावला, पुष्कळ वेळ गाणं ऐकत बसला, मग कुणाशी तरी हिंदीत बोलला. फोन ठेवून म्हणाला, "दादा, कंपनीचे हक्क संपले त्या सिनेमाचे. काढून टाकला त्यांनी."

"तू इकत घेतलतास न्हवं?"

"घेतला होता. पण तसं न्हाई ते. म्हंजी आपण बघायची परवानगी घेतो."

"तवा मला कायमचा म्हणालास."

"तिथं तसं बटण होतं दादा." त्याचा आवाज बारीक झाला. लहानपणी पेन्सिल हरवून यायचा तेव्हा व्हायचा तसा. "पैसे माघारी देतो म्हणले."

"पैसे कशाला? उरलेला सिनेमा दे म्हणावं."

वर्षाराणी, माझी सून, स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, दुसरीकडं कुठंतरी येईल की तो. आज इथं न्हाई, उद्या तिथं." ती वाईट बोलली नाही. तिचं सगळं जग तसं चालतं, आज इथं नाही तर उद्या तिथं. पण मी आयुष्याची निम्मी वर्षं दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत काढली आहेत. गाडी कधी येईल ते गाडीवाला ठरवतो. त्या पाचटावर बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाबा, तुझं झालं का. मला वाटलं होतं ते दिवस गेले. घरात फरशी आली, पंखा आला, पलंगाएवढा टीव्ही आला, आणि त्याच्या मागं कुठंतरी, मला न दिसणाऱ्या रस्त्यावर, तोच मुकादम उभा आहे. आता तर तो "चला"सुद्धा म्हणत नाही.

शनिवारी मी पंडितच्या दुकानात गेलो. आता तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात, डिस्क मागच्या फळीवर. तो म्हणाला, "आबा, उद्या टेम्पो सकाळी धाडू का दुपारी?"

"धाडू नको."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "पुण्याचा माणूस वाट बघायलाय."

"बघू दे. मला एक प्लेअर पायजे. चालू."

"हाय की तुमच्याकडं."

"तो बंद पडल्यावर?"

पंडित हसला, पण नीट हसला नाही. नवे प्लेअर आता फार थोडे निघतात, मोठमोठ्या कंपन्यांनी काढायचंच सोडलं, डिस्कही मोजक्या शौकिनांसाठीच निघतात, असं तो सांगत राहिला. "लई तर दहा वर्षं आबा. मग ह्या डब्या नुसत्या डब्या. कोण ठिवणार पुढं?"

"तू कावून ठिवल्या मग?"

"खपत न्हाईत म्हणून." थोडा वेळ तो एका कव्हरावरची धूळ पुसत राहिला. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला एक प्लेअर घेऊन आला. त्याचा स्वतःचा. म्हणाला, ट्रे अडकतो, खालून बोटानं ढकलावा लागतो. मी तो पिशवीत घातला आणि कोंबडं काखेत धरावं तसा धरून घरी आणला.

रविवारी सकाळी चंद्रभागा ओसरीत तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारायला मला सिनेमाचा आडोसा लागत होता, आणि आता तोही राहिला नव्हता. मी म्हणालो, "ती बाई गेली आसं तू कावून म्हणालीस गं तवा?"

"कोण बाई?"

"घाटावरची."

"पिक्चरचं पिक्चरला इचारा." तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. मी उठलो नाही. तिनं सुपातली तूर पुढं ओढली, मागं ओढली. मग वर न बघता, मोळी बांधताना बोलायची तशी म्हणाली, "मलाच जायाचं होतं. कुठं जावं ते ठरंना, म्हणून तिला धाडलं."

हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. ज्याची भीती वाटत होती ते एवढंच होतं. एक बाई सुपात तूर निवडत होती आणि खरं बोलत होती. मी विचारलं, "मग?"

"मग काय. गाडी भराया तुमच्याबरूबर मीबी उठले की. बसून बघू कुणी दिलं?" ती म्हणाली. "आन् तुमी त्या दिशी तो पिक्चर थांबिवला. आपल्या हातात व्हता तर. मी बघणार व्हते." तिच्या आवाजात राग होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिलाही तो शेवट पाहिजे असेल. मी समजत होतो तिच्याकडं तिचा आहे. म्हणजे या घरात तो सिनेमा दोघांकडून काढून नेला होता, आणि मी एकटाच त्याचं दुःख करत बसलो होतो.

टीव्ही ठोकणारा सुग्रीव ड्रिल मशीन घेऊन आला तेव्हा मी कपाटाला पाठ लावून खाली बसलेला होतो. त्यानं वहाणा काढल्या, भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अभिमन्यूला विचारलं, "सर, हे हलवायचंय न?"

"न्हाई," मी म्हणालो.

"दादा, तुमचं आमचं ठरलं होतं," अभिमन्यू म्हणाला.

"ठरलं होतं. त्या सिनेमावर ठरलं होतं. सिनेमा दे, कपाट ने."

"आता मी कुठून देऊ?"

"मग माझं कपाट मी कुठून देऊ?"

सुग्रीव वायर उलगडायची थांबला. सायली दारातून बघत होती आणि हसू दाबत होती. अभिमन्यू माझ्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या शाळेतल्या पोरांसमोर बसतो तसा. "दादा, हे मशीन कधीतरी बंद पडणार. डिस्क खराब होणार. जगात कुणी ठेवत न्हाई आता. किती दिवस जपणार हे?"

"पडू दे बंद. पडलं की मी खोलून बघीन काय मोडलंय. तुज्या टीव्हीतला सिनेमा गेला तर मी काय खोलून बघू?"

"आणि तुमच्या माघारी?"

हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता, तोंडातून निघून गेला. मी म्हणालो, "माज्या माघारी तू भंगारात घाल. पण तुज्या हातानं घाल. घालताना एखादी डबी उघडून बघावी वाटली तर बघ. मला नगं झालं, माजं मन झालं, तरच हे ह्या घरातून जायाचं. कुठल्या तरी गावात कुणाचे तरी हक्क संपले म्हणून न्हाई."

वर्षाराणी म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तरी सांगा की त्यांना." चंद्रभागा सूप घेऊन आत आली होती. या कपाटाला ती आजवर मोडीत घाला म्हणत आली आहे. ती कपाटापर्यंत आली, माझ्या शेजारी गुडघे धरून हळूहळू खाली बसली, आणि तूर निवडू लागली. सुग्रीवनं खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "मग भोक कुठं मारू?"

दुसरी भिंत स्वयंपाकघराच्या दाराशेजारची, अरुंद. तिथं टीव्ही मावत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सुग्रीवनं तिथंच ठोकला. त्याचा एक कोपरा दारात वीतभर पुढं आला आहे, आणि सकाळी बाहेरचं ऊन सरळ त्याच्या काचेवर पडतं, त्यामुळं दुपारपर्यंत त्यात आमचीच खोली दिसते. ताट घेऊन येणाऱ्याला खांदा तिरका करावा लागतो. वर्षाराणी रोज म्हणते, "मामा, हे बरं दिसत न्हाई." मी खांदा तिरका करतो आणि ताट घेऊन जातो.